सुरगाण्यापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत

कांद्याचे भाव आणि वनजमिनींचे दावे समोर असताना मेंदू व मज्जारज्जूवरील शस्त्रक्रियेचा विषय कार्यकर्त्यांपुढे कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु डोके फुटते ते बहुधा दुचाकीवरून रोजगाराला निघालेल्याचे, आणि कणा मोडतो तो झाडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडलेल्याचा. हा वर्गीय प्रश्न आहे.

कवटी आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागले, तरी जखमी माणूस कित्येकदा काही काळ शुद्धीवर असतो, घरच्यांशी बोलतो. मग गुंगी चढते, एका डोळ्याची बाहुली विस्फारते. कवटी हाडाची, ती ताणत नाही, म्हणून सारा दाब मेंदूवर येतो. वेळेत कवटी उघडून ते रक्त काढले, तर हाच माणूस पुन्हा कामावर जाऊ शकतो. या शास्त्रातील ही तुलनेने साधी शस्त्रक्रिया होय. पण सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यावरून नाशिकला पोहोचेपर्यंत ते मोलाचे तास निघून जातात.

ही विद्या देशाला नवी नाही. डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोरला १९४९ मध्ये तिचा पाया घातला; पाठोपाठ मद्रासच्या सरकारी रुग्णालयात डॉ. बी. राममूर्ती यांनी काम उभे केले. नाशिकचा प्रकार मात्र विलक्षण. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ येथे १९९८ मध्ये आले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ साल उजाडावे लागले!

शासन योजनेकडे बोट दाखविते. १९९७ ची जीवनदायी योजना २०१२ मध्ये नव्या रूपात आली, २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालते. तिने अनेकांचे प्राण वाचविले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु योजना बिल भरते, शस्त्रक्रियागृह बांधत नाही. जेथे खाजगी रुग्णालये आहेत तेथेच सार्वजनिक पैसा वाहतो. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखविले होते की, वैद्यकीय सेवेला बाजाराचे नेहमीचे नियम लागू पडत नाहीत. बेशुद्ध माणूस दरांची तुलना कशी करणार?

१९९२ मध्ये पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडला. मेंदूत रक्तस्राव झालेला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठविले. अखेर खाजगी रुग्णालयात सुमारे सतरा हजार रुपये मोजावे लागले. त्याची शेतमजूर समिती सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, तातडीचा उपचार नाकारणे हा जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैशांची टंचाई ही सबब चालणार नाही. प्राथमिक केंद्रांत रुग्णाची प्रकृती स्थिर करण्याची सोय, रिकाम्या खाटांची माहिती देणारी मध्यवर्ती यंत्रणा आणि सुसज्ज रुग्णवाहिका हव्यात, असेही बजावले. ही पावले इतर राज्यांनीही उचलावीत, असे त्याच निकालात आहे.

हा निकाल कोणा नामवंत संस्थेने नव्हे, मजुरांच्या संघटनेने मिळविला. तेव्हा तालुक्याच्या प्रत्येक शाखेने आपल्या रुग्णालयात जाऊन लेखी विचारावे: डोक्याचे छायाचित्रण करणारे सी.टी. स्कॅन यंत्र कोठे आहे, रात्री ते चालविणारा तंत्रज्ञ हजर असतो काय, आणि मेंदूचा शल्यविशारद किती किलोमीटरवर आहे?