तंबूंतून उठलेलीं घरें



जुबिलीच्या प्रसंगीं वक्ते बहुधा देवळाच्या इमारतीविषयीं बोलतात. आम्ही आज उपासनेच्या जागेभोंवतीं उभ्या राहिलेल्या घरांविषयीं बोलणार आहों. आणि तीं घरेंहि आपल्या गांवचीं नव्हेत, दूर अमेरिकेंतील आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज् व्हिन्यर्ड नांवाचें एक बेट आहे. त्यावरील ओक ब्लफ्स हें उन्हाळ्यांत समुद्राची हवा खाण्यास जाणाऱ्यांचें गांव. तेथें एका राईंत तीनशेंहून थोडीं अधिक लहान लांकडी घरें दाटीनें उभीं आहेत. तीं मेथडिस्ट मंडळीच्या मेळ्यांतून निर्माण झालीं. त्यांचा पंथ आपला नव्हे. तथापि प्रार्थनेसाठीं जमलेलीं माणसें घर कसें बांधतात, हें पाहण्यास पंथभेद आड येण्याचें कारण नाहीं.

१८३५ सालच्या ऑगस्टांत एडगरटाऊन येथील मेथडिस्ट मंडळी ह्या ओक वृक्षांच्या राईंत प्रथम जमली. झाडांखालीं उपदेशकाचें व्यासपीठ, त्यासमोर बांकें आणि भोंवतीं नऊ तंबू, एवढाच काय तो थाट. आरंभीं एकेका गांवच्या मंडळीचा मिळून एक मोठा तंबू असे. मध्यें पडदा लावून एका बाजूस पुरुष व दुसऱ्या बाजूस स्त्रिया निजत. पुढें माणसें दरवर्षीं येऊं लागलीं, मुलांबाळांस आणूं लागलीं, आणि उपासनेच्या जोडीला समुद्रस्नानाचीहि गोडी लागली. मग कुटुंबाकुटुंबाचे निराळे तंबू झाले, आणि १८५९ च्या सुमारास कापडाच्या जागीं फळ्या येऊं लागल्या. त्यानंतरच्या वीसएक वर्षांत तेथें सुमारें ५०० घरें उभीं राहिलीं.

ह्या घरांची बांधणी लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. तंबूस जेवढी जागा, जवळजवळ तेवढीच घरास. म्हणून घर अरुंद, दुमजली आणि उतरत्या छपराचें. दर्शनी भिंतीच्या मध्यभागीं दोन फळ्यांचा रुंद दरवाजा. तो उघडला म्हणजे, तंबूचा पडदा दोहोंकडे सारावा त्याप्रमाणें, घराचा पुढचा भाग रस्त्यावरून उघडा दिसतो. दरवाज्याच्या दोन्ही बाजूंस अरुंद कमानदार खिडक्या. त्या मात्र तंबूच्या नव्हेत, देवळाच्या आहेत. वर एक सज्जा आणि त्यावर उघडणारा दुसरा तसाच दरवाजा. आंतील जिना इतका अरुंद कीं पलंग त्यावरून चढेना; म्हणून सामान बाहेरून सज्ज्यावर ओढून ह्या वरच्या दारानें आंत घेत, असें सांगतात. भिंतींची रीत तर त्याहून साधी. एका फळीच्या कडेस खांच, दुसरीच्या कडेस जीभ. अशा उभ्या फळ्या एकमेकींत बसवीत जावयाचें. तीच फळी बाहेरची भिंत, तीच आंतलीहि. गिलावा नाहीं, ऊब धरून ठेवील असें कांहीं नाहीं. हिवाळ्यांत अशा घरांत राहणें कठीण. पण हिवाळ्यासाठीं तीं बांधिलींच नव्हतीं.

ह्या घरांची कीर्ति झाली ती त्यांच्या झालरींमुळें. बारीक पात्याची यांत्रिक करवत त्या काळीं सुतारांच्या हातीं आली होती. तिनें छपराच्या कडेस व सज्ज्याच्या कठड्यास लेसप्रमाणें कातरलेल्या फळ्या लाविल्या. प्रवासी आजहि प्रथम तेंच पाहतात. आमचें मत निराळें आहे. झालर पैशानें विकत मिळते, आणि शेजाऱ्याहून आपली झालर सरस असावी ही ईर्षा उपासनेच्या राईंतहि शिरलीच असेल. आम्हांस त्या घरांचा रुंद दरवाजा अधिक बोलका वाटतो. ज्याच्या दारासमोर चार हातांवर दुसऱ्याचें दार आहे, आणि दोन्ही दारें अशीं रुंद आहेत, त्यास शेजाऱ्यापासून फारसें लपवितां येत नाहीं. ओसऱ्या पुष्कळ घरांस मागाहून जोडल्या. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करणाऱ्या आपल्या लोकांस त्यांचें प्रयोजन सांगावयास नको.

तथापि ह्याच उघड्या दारांच्या लोकांनीं कुंपणहि घातलें, हें सांगितलें पाहिजे. १८६६ सालीं एका जमीन-कंपनीनें राई व समुद्र ह्यांमधील जागा घेऊन हवा खाणाऱ्यांसाठीं वसाहत आंखली. पाहुणे, नाच आणि करमणूक उंबरठ्याशीं आलेलीं पाहून राईंतील मंडळीनें आपल्या भोंवतीं सात फूट उंचीचें लांकडी कुंपण उभारिलें. त्यांची भीति आम्हांस समजते; परंतु ज्यांस राईची शोभा पाहावयाची होती, ते त्या कुंपणानें थोडेच थांबणार! पुढें कुंपण गेलें. घरें राहिलीं, तीं दुसऱ्याच एका व्यवस्थेमुळें: घर ज्याचें त्याचें, पण जमीन संघाची. त्यामुळें दोन घरें पाडून तेथें एक मोठा वाडा बांधूं असें कोणास आपल्या मर्जीनें म्हणतां येत नाहीं. तरीहि पांचशेंपैकीं जवळजवळ दोनशें नाहींशीं झालीं. २००५ सालीं अमेरिकेच्या सरकारनें ही राई राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केली.

राईच्या मध्यावर, जेथें पूर्वीं व्यासपीठ होतें, तेथें १८७९ सालीं लोखंडाचा एक प्रचंड मंडप उभारला. तो चोहोंकडून मोकळा आहे. ऑगस्टांतील एका रात्रीं सारी वस्ती तेथें गाण्यास जमते. ही चाल १८६९ सालीं राज्याच्या गव्हर्नरांच्या स्वागतासाठीं केलेल्या रोषणाईपासून पडली. घरोघरच्या ओसऱ्यांस व सज्ज्यांस कागदी कंदील टांगलेले असतात, नाताळांत आपण टांगतों तसे. पण ते सर्व अंधारांत असतात. गाणें संपल्यावर वस्तींतील एखाद्या मान्यवर वडीलधाऱ्या व्यक्तीच्या हस्तें मंडपांत पहिला कंदील लावितात. मग जवळच्या ओसरीवर एक, पलीकडच्या सज्ज्यावर दुसरा, असे करतां करतां सारी राई उजळते.