हिरड्यांचे दुखणे आणि उतारवय
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाशी येथे दिलेले व्याख्यान)



आजचा विषय ठरला तेव्हा एका भगिनीने विचारले, "दात पडले तर कवळी बसवावी, त्यात व्याख्यान ते काय द्यावयाचे?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आरंभीच सांगते की मी दातांविषयी थोडे आणि हिरड्यांविषयी अधिक बोलणार आहे.

हिरड्यांतून रक्त येणे, त्या सुजणे, दात हलणे, तोंडास वास येणे, ही सारी वयाची लक्षणे असे आपण धरून चालतो. सासूबाई भाकरी आमटीत कुस्करून खाऊ लागल्या की घरात कोणास नवल वाटत नाही. वास्तविक हा आजार आहे. तो वयाच्या माथी मारला जातो आणि म्हणूनच त्यावर इलाज होत नाही.

वय हे कारण नव्हे, याचा दाखला फार साधा आहे. 1965 साली डेन्मार्कमधील ऑर्हूस येथील डॉ. हॅराल्ड लो यांनी आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, त्यांनी दात घासणे बंद करावयास लावले. 10 ते 21 दिवसांत सर्वांच्याच हिरड्या सुजल्या. पुन्हा घासावयास लागताच आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. ती सारी तरुण मंडळी होती! सूज आली ती दातांवर साचलेल्या जंतूंच्या थरामुळे.

हा थर वर्षानुवर्षे राहिला की त्याचे कीटण होते, हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण पडते आणि आतले हाड झिजू लागते. अशा रोग्याच्या तोंडातील सुजलेला भाग एकत्र मांडला तर तो 8 ते 20 चौरस सेंटिमीटर भरतो, असा हिशेब संशोधकांनी केला आहे. एवढी जखम पायाला झाली तर आपण त्याच दिवशी दवाखाना गाठू. तोंडातली दिसत नाही, एवढाच फरक.

त्या जखमेतून जंतू आणि सुजेची द्रव्ये रक्तात जातात. मधुमेहाचा तर हिरड्यांशी दुहेरी संबंध आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. 2022 साली 35 चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. हिरड्यांवर उपचार केलेल्या मधुमेही रुग्णांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा सुमारे 0.4 टक्क्याने उतरलेला त्यात दिसला. हृदयविकाराचाही हिरड्यांच्या रोगाशी संबंध आढळतो. परंतु हिरड्या बऱ्या केल्याने हृदयविकार टळतो असे अद्याप सिद्ध झालेले नाही, आणि तसे कोणी सांगितल्यास सावध राहावे.

अंथरुणास खिळलेल्या वृद्धांची गोष्ट वेगळी. जपानमधील 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षे काही जणांची तोंडे जेवणानंतर नेमाने स्वच्छ केली. 1999 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची निगा राखली त्यांच्यात न्यूमोनिया शंभरात 11 जणांना झाला, इतरांत 19 जणांना. घासणी आणि पाणी, आणि कोणी तरी शेजारी बसणारे माणूस, एवढाच हा इलाज.

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे वळते. तिचे नाव मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजावी, कुटावी आणि बोटाने हिरड्यांना लावावी. आरंभी दात घासण्याचे निमित्त असते. पुढे दिवसातून चार-पाच वेळा डबी उघडते. त्यामुळे दुखणे थांबल्यासारखे वाटते, पण भागते ती तलफ. हिरडी मात्र दातावरून खाली सरकत जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातील 1,01,761 खेडुतांची तोंडे तपासून 1972 साली अहवाल दिला. तोंडातील पांढरे चट्टे आणि कर्करोग यांचे नाते तंबाखूशी आहे, हे अशा पाहणींतून पक्के झाले. आपल्या शेजारच्या बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील गावांत 1987 पासून कर्करोगाची नोंदवही ठेवली गेली. ग्रामीण भागातील देशातली ती पहिली. 1992 साली सरकारने दंतमंजनांत तंबाखू घालण्यास बंदी केली. तव्यावरच्या तंबाखूला कोणता कायदा अडविणार?

तरीही सुनांनी सासूबाईंची डबी लपवू नये. चाळीस वर्षांची सवय दमदाटीने सुटत नाही, उलट चोरून चालते. डबी उघडण्याची एक वेळ कमी करावी, मग दुसरी. तोंडात लवंग-बडीशेप ठेवावी आणि डॉक्टरांचे साह्य घ्यावे.

दोन समजुतींविषयी बोललेच पाहिजे. वरचा दात काढला की डोळे जातात, ही पहिली. दाताच्या आणि दृष्टीच्या नसा वेगळ्या आहेत. दृष्टी जात नाही. दुसरी अशी की दात साफ करून घेतले की ते हलू लागतात. ते आधीच हललेले असतात. कीटणाने धरून ठेवलेले असतात, इतकेच. कीटण निघाले की फट दिसते आणि दोष बिचाऱ्या दंतवैद्याच्या माथी येतो.

ज्या बाईला चावता येत नाही ती आधी शेंगदाणे सोडते, मग पालेभाजी, मग भाकरी; आणि चहा-बिस्किटावर राहते. लग्नकार्यात पंगतीला बसणे टाळते, कारण चार जणींत घास तोंडात घोळवत बसण्याची लाज वाटते. वजन उतरते, अंगी शीण येतो. "हल्ली बाई कुणाशी बोलत नाहीत," असे घरचे म्हणतात. ते न बोलणे पुष्कळदा हिरड्यांपासून सुरू झालेले असते.

करावयाचे ते थोडके आहे. मऊ घासणीने सकाळी आणि रात्री, हिरडीच्या कडेने हळू घासावे. रक्त आले म्हणून थांबू नये. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. ज्यांचा एकही दात उरलेला नाही त्यांनीही ओल्या फडक्याने हिरड्या पुसाव्या. तोंडात पांढरा वा लाल चट्टा किंवा व्रण दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तो न दुखणारा असला तरी दाखवावा. न दुखणाराच अधिक दाखवावा.

व्याख्यान संपल्यावर चहा आहे. शेजारच्या खोलीत मेजावर विजेरी आणि आरसा ठेवला आहे. ज्यांना आपल्या वा सोबत आणलेल्या वडीलधाऱ्या बाईच्या हिरड्या पाहून घ्यावयाच्या असतील, त्यांनी चहाच्या आधी यावे, चूळ भरून.