मामाचा आहेर, बहिणीचा वाटा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लग्नघरी मामाशिवाय पान हलत नाही. अंतरपाटाशी नवरीच्या पाठीमागे मामा उभा राहतो, जावळाच्या वेळी बाळ त्याच्याच मांडीवर बसतं. बहिणीला लुगडं, दाजींना टॉवेल-टोपी त्याच्याकडूनच येते. वऱ्हाडात कित्येक घरी तर मामाच भाच्याच्या पाया पडतो. घराणं बापाच्या नावानं चालतं, मग आईच्या भावाला एवढा मान का? हा जुन्या मातृसत्तेचा अवशेष, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. वंश खरोखर आईकडून मोजतात तिथली रीत पाहा. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर मालिनोव्स्की या अभ्यासकाने १९१५ ते १९१८ या काळात मुक्काम केला. तिथं मुलं आईच्या कुळाची, वारसा मामाकडून भाच्याकडे. दर हंगामात भाऊ कोनफळाच्या जातीचे निवडक कंद बहिणीच्या नवऱ्याच्या घरी पोचवतो. त्याआधी त्यांची रास गावाला दिसेल अशी रचतो, म्हणजे देण्यात कसर केली तर चारचौघांत अब्रू जाते. ही मेहरबानी नव्हे. त्याच्या कुळाचे वारस बहिणीचीच मुलं असतात.

आपल्याकडे देणं आहे, त्यामागे हक्क मात्र उभा नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा मिळाला, तरी बाप गेल्यावर बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात आणि सातबारा भावांच्या नावे होतो. मग मामाचा आहेर म्हणजे त्या सोडलेल्या वाट्याची हप्त्याहप्त्यानं फेड, तीही भावाच्या मर्जीवर. लग्नात खर्च केला ना, असं कोणी म्हणेल. भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या वाट्यातून कोण वजा करतो? वाटा मागितला की माहेर तुटतं, हा आक्षेप जास्त खरा आहे, कारण पुष्कळ घरांत तसं घडतं. पण नातं तुटतं ते हक्कामुळे नव्हे. त्या बेटांवर बहिणीकडचा वारसा आणि भावाचं देणं एकत्रच नांदले. जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा, म्हणून आपण जिल्ह्याला मातृतीर्थ म्हणतो. लेकीच्या माहेरावर नाव कमावणाऱ्या जिल्ह्यानं एवढं तरी समजून घ्यावं. आहेर भावाने हौसेनं करावा, फक्त त्याची किंमत सहीत वसूल करू नये. आणि बहिणींनो, नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागं घेणं फार अवघड असतं; सही करण्याआधी सातबारा कुणाकडून तरी नीट वाचून घ्या.