रमाबाई रानडे आणि मतदार यादीतले आपले नाव

(उत्सवातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



गलाईच्या व्यवसायानिमित्त करोल बागेत आलेली आपली बरीच कुटुंबे विटा, आटपाडी, कडेगाव भागातली. तेव्हा आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे त्या रमाबाई रानडे आपल्याच माहेरवाशीण. गाव देवराष्ट्रे, जन्म 1862 चा, माहेरचे नाव यमुना कुर्लेकर. अकराव्या वर्षी माधवराव रानड्यांशी लग्न झाले आणि यमुनेची रमा झाली. सेवासदनचे त्यांचे काम सर्वांना ठाऊक आहेच.

मतदानाच्या लढ्याविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही. 1919 च्या कायद्याने स्त्रियांना मत दिले नाही. तो प्रश्न प्रांतोप्रांतीच्या कौन्सिलांवर सोडला. म्हणजे प्रत्येक प्रांतात वेगळे झगडणे आले. हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन यांनी लंडनला जाऊन बाजू मांडली होती. इकडे मुंबई इलाख्यात चळवळीचे नेतृत्व रमाबाईंनी केले, तेही साठीच्या उंबरठ्यावर. मुलींनाही सक्तीचे प्राथमिक शिक्षण हवे, म्हणून पुण्यात त्यांची खटपट त्याच सुमारास चालू होती. 1921 मध्ये मद्रासपाठोपाठ मुंबई कौन्सिलने स्त्रियांचे मत मान्य केले. पण मत मालमत्तेवर, आणि घर-जमीन बाईच्या नावावर असणार किती? मूठभर बायकांनाच ते मिळाले. रमाबाई 1924 मध्ये गेल्या. सर्व प्रौढ स्त्रियांना मत मिळाले ते राज्यघटनेने.

तरी 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. कारण विचाराल तर त्यांनी नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढेच.

आपण हसू नये. उखाण्यात नवऱ्याचे नाव झोकात घेणाऱ्या आपल्यातल्या कितीजणींचे स्वतःचे नाव दिल्लीच्या यादीत आहे? एकीचे नाव अजून गावच्या यादीत, दुसरीचे शाळेच्या दाखल्यावर एक आणि लग्नानंतर दुसरेच. पुरुषमंडळींनी दुकानाची कागदपत्रे चोख ठेवली आहेत. घरातल्या बाईचा अर्ज तेवढा राहून जातो.

नवीन नोंदणीसाठी फॉर्म 6, पत्ता किंवा नाव दुरुस्तीसाठी फॉर्म 8. उद्या संध्याकाळी आरतीनंतर मंडपात कार्यकर्त्या अर्ज भरून देतील. येताना आधार कार्ड, एक फोटो आणि नाव बदलले असल्यास त्याचा पुरावा आणावा.