गोल भांड्यावरील चित्र : यंत्राचे आणि हाताचे



वारली चित्रांचे पेले, किटल्या व मडकी आज शहरांतील दुकानांत सर्रास दिसतात. त्यांतील पुष्कळशी छापील असतात. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील जी हाते मडकी रंगवितात त्यांची गाठ या छपाईशी आहे. म्हणून ती कशी होते हे आपण जाणून घ्यावे.

सपाट कागद पेल्याभोवती सुरकुती न पडता गुंडाळता येतो, मडक्याभोवती येत नाही. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. शाळेतील पृथ्वीगोलाचा नकाशा पूर्वापार सपाट कागदावर पाकळ्या-पाकळ्यांनी छापून गोळ्यावर चिकटवीत आले आहेत, तो याच अडचणीमुळे.

यंत्र ही अडचण निरनिराळ्या रीतींनी टाळते. लेप दिलेल्या पेल्यावर चित्राचा कागद गुंडाळून सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णता देतात; शाईची वाफ होऊन रंग लेपात शिरतो. कोरलेल्या पत्र्यावरील शाई सिलिकॉनच्या मऊ गादीने उचलून वक्र पृष्ठावर उमटविता येते, मात्र चित्र लहान हवे. तिसऱ्या रीतीत छापील पापुद्रा पाण्यावर तरंगत ठेवून वस्तू त्यात बुडवितात. लाकडाच्या रेषांसाठी ती उत्तम. माणसाची आकृती मात्र ताणली जाते.

तारप्याभोवतीचा फेर मडक्यावर काढणारी चित्रकर्ती नर्तकांमधील अंतर नुसत्या नजरेने जुळविते. पोट फुगते तेथे आकृती मोठी, गळ्याशी लहान. शेवटचा नर्तक पहिल्याच्या हाताला बरोबर येऊन मिळतो. भिंतीवर तांदळाचे पीठ चालते, विक्रीच्या मडक्यास टिकाऊ पांढरा रंग लागतो, एवढाच काय तो फरक.

यंत्रास माझा विरोध नाही. स्नेहसंमेलनासाठी शंभर पेले हवे असतील तर ते खुशाल छापून घ्यावेत. परंतु छापील पेला हातचा म्हणून विकला गेला की हातच्या कामाचा भावही त्याच्याबरोबर उतरतो. वारली चित्रकलेस १९९९ च्या कायद्यानुसार भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि मानांकित क्षेत्रातील चित्रकारास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीचा अर्ज करता येतो. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तेथील ग्रामसभांनी हा विषय घ्यावा. बचतगटांनी प्रत्येक वस्तूवर ‘हाताने रंगविलेले’ किंवा ‘छापील’ अशी चिठ्ठी लावावी. अर्ज भरून देण्याचे काम पंचायतीतच झाले, तर चित्रकर्तीचा तालुक्याचा हेलपाटा वाचेल.