बिऱ्हाड उचलताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात सायंकाळच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



सांस्कृतिक समितीचा फोन आला तेव्हा मला वाटले, दरवर्षीप्रमाणे मांडवाच्या विजेच्या जोडणीबद्दल विचारायचे असेल. "या वर्षी भाषण करा, परदेशातले अनुभव सांगा," असे ऐकल्यावर मात्र घाम फुटला. परदेशात काय काय पाहिले हे सांगणारा माणूस आपल्या बेंगळुरूत प्रत्येक अपार्टमेंटच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी सापडतो. तेव्हा मी तिथे काय पाहिले ते सांगणार नाही. तिथून आम्ही निघालो कसे, एवढेच सांगणार आहे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनीने मला जर्मनीत स्टुटगार्टला पाठवले. दोन वर्षांचे काम होते, ते पावणेचार वर्षे चालले. आमची लेक जाताना तीन वर्षांची होती. सामान अजून खोक्यातच होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजी पाव आणि मीठ घेऊन वर आल्या. नव्या बिऱ्हाडाला पाव-मीठ द्यायची तिकडे रीत आहे. लेक त्यांना 'ओमा' म्हणू लागली. ओमा म्हणजे आजी.

त्या घरात आमचे एक पालुपद होते : "कशाला? तात्पुरते तर राहायचेय!" पडदे घ्यायचे? कशाला, तात्पुरते तर राहायचेय. चांगली गादी? कशाला? भिंतीवर फोटो? पुन्हा भिंतीची भोके बुजवा, कशाला? असे करत पावणेचार वर्षे आम्ही स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसल्यासारखे त्या घरात बसलो होतो.

मग परतायचे ठरले. तिथे घर सोडायचे म्हणजे तीन महिने आधी, कागदावर, सहीनिशी कळवावे लागते. देश सोडणाऱ्याने सरकारी दफ्तरातून आपले नाव काढून घ्यायचे. रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घरामागे महिना साडेसतरा युरो असे, तीही पत्र लिहून थांबवायची. मी इंजिनिअर माणूस, यादी केली. त्रेचाळीस कामे झाली. प्रत्येक कामापुढे तारीख आणि जबाबदार व्यक्ती.

एका रात्री मी लेकीला उत्साहाने सांगत होतो, "आता आपण घरी जायचं हं!" तिने खोलीभर नजर फिरवली आणि विचारले, "बाबा, मग हे काय आहे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिच्या हिशेबात बेंगळुरू हीच तात्पुरती जागा होती. सुट्टीत तीन आठवडे जायचे, बॅगेतून कपडे काढायचे आणि बॅगेत भरून परत यायचे. तिची शाळा, तिची भाषा, तिची ओमा, सारे इथे. आम्ही ज्याला वेटिंग रूम समजत होतो, तिथे ती वाढत होती.

त्या रात्री सौभाग्यवतींनी एक जुनी गोष्ट काढली. २०१४ मध्ये बेंगळुरूचे भाड्याचे घर आम्ही दोन दिवसांत गुंडाळले होते. व्हिसा अचानक आला, विमान रात्रीचे. खाली घरमालकांच्या आई राहत. आम्ही दोघेही ऑफिसात असताना आमच्या लेकीला त्याच सांभाळायच्या. ती त्यांना 'अज्जी' म्हणायची, आम्हीही तेच म्हणायचो. निघताना त्या झोपल्या होत्या. उठवायचे कशाला, दोन वर्षांनी येतोच आहोत, असे म्हणून आम्ही किल्ली मालकांच्या हाती दिली आणि टॅक्सीत बसलो. लेक पुढे कितीतरी दिवस अज्जींना शोधत होती. २०१६ मध्ये फोनवर कळले, अज्जी गेल्या.

"या वेळी तसं निघायचं नाही," सौ. म्हणाल्या. "गणपतीसुद्धा आपण थेट उचलून पाण्यात नेत नाही."

मंडळी, हे आपण दरवर्षी करतो, पण त्याचा असा विचार मी कधी केला नव्हता. उत्तरपूजा होते, मूर्ती जागेवरून जराशी हलवतो, हातावर दही ठेवतो, सोबत शिदोरी देतो आणि मगच निघतो. दीड दिवसाचा पाहुणा असला तरी हे सारे होते. 'तात्पुरता तर आला होता' असे गणपतीबद्दल कोणी म्हणत नाही.

तेव्हा आम्ही यादीत चव्वेचाळिसावे काम लिहिले : निरोपाचा प्रवास. स्टुटगार्टहून थेट विमान पकडायचे नाही. आमच्या गावातून वाहणाऱ्या नेकार नदीच्या काठाकाठाने, साध्या गाड्यांनी, पाच दिवसांत फ्रँकफर्टला जायचे आणि तिथून विमान घ्यायचे. मूर्ती जशी जागेवरून हलवतात तसे लेकीला हळूहळू हलवायचे, एवढाच त्यात विचार होता. तिला काय, आम्हालाही.

पण त्याआधी घर ताब्यात द्यायचे होते. स्टुटगार्टच्या भागात 'केरवोखे' नावाचा प्रकार आहे. वोखे म्हणजे आठवडा. आणि केर? केर तर आपलाच! इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाने पाळीपाळीने आठवडाभर जिना आणि दारापुढची वाट झाडायची. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी. आठवडा संपला की ती काढून शेजाऱ्याच्या दारावर अडकवायची. पहिल्या वर्षी मला त्या पाटीचा फार राग यायचा. बेंगळुरूत मी कधी हातात झाडू धरला नव्हता.

योगायोग असा, की आमचा शेवटचा आठवडा आमच्याच पाळीचा निघाला. २८ जुलै २०१८, शनिवार. खोकी बोटीने रवाना झाली होती, आम्ही जमिनीवर सतरंजी टाकून झोपत होतो. लेकीने झाडू मागितला. तीन मजले ती एकटीने झाडत गेली, एकेक पायरी, कोपऱ्यासकट. मग पाटी काढली, खाली नेऊन ओमांच्या दारावर अडकवली आणि बराच वेळ ती सरळ करत राहिली. वर आल्यावर म्हणाली, "आता आपली पाळी परत येणार नाही ना?" इतके दिवस 'आपण जाणार' हे आम्ही तिला समजावत होतो. त्या दिवशी ते तिचे तिलाच कळले.

सोमवारी सकाळी घरमालक कागद घेऊन आले. विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे, किल्ल्या किती, भिंतीवर ओरखडे किती, सारे लिहायचे आणि दोघांनी सही करायची. अनामत रक्कम त्या कागदावर अवलंबून. आमची धास्ती एकच होती, ओट्यावरचा हळदीचा डाग. फोडणीच्या डब्याजवळ लाकडाने हळद अशी पिऊन घेतली होती की साबण, लिंबू, सोडा, कशालाही दाद देईना. शेवटी सौ.नी आईला फोन केला. आई म्हणाल्या, "अगं, हळद उन्हाला भिते. ऊन दाखव." हळदीचा रंग उन्हाने उडतो, हे मी इंजिनिअर असून मला ठाऊक नव्हते. त्या वर्षी उन्हाळा कडक होता. आठवडाभर खिडकी सताड उघडी ठेवली, डाग फिका पडला, पण गेला नाही. मालकांनी वाकून पाहिले आणि लिहिले : 'स्वयंपाकघर, फिकट पिवळा डाग, एक.' आम्ही सही केली. पैसे कापले नाहीत. आमच्या पावणेचार वर्षांच्या संसाराची त्या देशातली शेवटची नोंद म्हणजे तो एक पिवळा डाग!

एक गोष्ट मात्र आम्ही कागदावर न लिहिता ठेवून आलो. आमच्या खिडकीत तुळस होती. घरचा शाडूचा छोटा गणपती आम्ही दरवर्षी बादलीत विसर्जित करायचो आणि विरघळलेली माती तुळशीच्या कुंडीत घालायचो. ती कुंडी विमानात नेणे शक्य नव्हते. ओमांनी ती मागून घेतली. थंडीत बाहेर ठेवायची नाही, पाणी बेताने घालायचे, हे लेकीने त्यांना समजावले. ओमांनी ते चष्मा लावून लिहून घेतले. निघताना सौ.नी आम्हा दोघांच्या तळहातावर दही ठेवले. ओमा पाहत होत्या. त्यांनीही हात पुढे केला. "तुम्ही कुठे जाताय?" असे लेकीने विचारताच त्या म्हणाल्या, "मी कुठे नाही. पण मलाही परत भेटायचंय." दही कशासाठी देतात हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

नऊनंतर त्या राज्यात दिवसभर चालणारे एकच तिकीट सगळ्या कुटुंबाला मिळते. ते काढून आम्ही गाडीत बसलो. गावाबाहेर पडेपर्यंत कोणी बोलले नाही.

पहिला मुक्काम लाउफेन. लहानसे गाव, नदीतल्या बेटावर जुना किल्ला, त्यात आता नगरपालिका. इथे उतरायचा हट्ट माझा होता. १८९१ मध्ये इथल्या सिमेंट कारखान्याच्या पाणचक्कीवर वीज तयार करून ती १७५ किलोमीटर दूर फ्रँकफर्टच्या विद्युत प्रदर्शनात नेली गेली. तिथे तिच्यावर हजारभर दिवे लागले आणि एक कृत्रिम धबधबा चालला. तीन फेजची वीज इतक्या दूर जाऊ शकते, हे जगाने तेव्हा पाहिले. मी लेकीला सांगितले, याच पद्धतीने पुढे ११ वर्षांनी, १९०२ मध्ये, आपल्या शिवनसमुद्रची वीज सुमारे दीडशे किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणींत गेली आणि १९०५ मध्ये तीच बेंगळुरूच्या रस्त्यांवर आली. ती नदीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इथून फ्रँकफर्ट, आणि मग बेंगळुरू? वीज आपल्याच रस्त्याने गेली?" त्या दिवशी ती पहिल्यांदा बेंगळुरूबद्दल आपणहून काही बोलली.

संध्याकाळी नदीच्या वळणावळणाने गाडी हायडेलबर्गला पोचली. किल्ला, जुना पूल, १३८६ चे विद्यापीठ, हे सगळे पाहतात ते आम्हीही पाहिले. मला मात्र तिथे एका माणसाला नमस्कार करायचा होता. प्राध्यापक गुंथर सोन्थायमर याच विद्यापीठात शिकवत. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये निघाला. हा माणूस आपल्याकडे पाहुणा म्हणून आला, पण वेटिंग रूममध्ये बसला नाही. मराठी शिकला, धनगरांच्या वाड्यांवर गेला, त्यांच्या ओव्या ऐकल्या, पुन्हा पुन्हा येत राहिला. १९९२ मध्ये ते वारले. जेजुरीपासून हजारो मैलांवरच्या त्या गावात उभे राहून मला माझी पावणेचार वर्षे आठवली आणि थोडी लाज वाटली. मी ओमांच्या गावाची बोली कामापुरतीसुद्धा शिकलो नव्हतो. लेकीला ती येत होती.

पुढचे तीन दिवस लेक हसतखेळत होती. विमानतळावर मात्र रडली, आम्हीही रडलो. पण ते रडणे जागच्या जागी झाले. अज्जींसाठीचे आमचे रडणे तसेच राहून गेले होते.

बेंगळुरूला आलो. त्या वर्षी १३ सप्टेंबरला गणपती होते. पहिल्याच शनिवारी लेक झाडू घेऊन आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये निघाली. झाडणाऱ्या बाई गोंधळल्या, शेजारच्या कन्नड आजी दार उघडून बाहेर आल्या, आणि चार वर्षांपूर्वी जे शेजारी आम्हाला नावानेही ठाऊक नसते, त्यांच्या घरी आम्ही त्या दिवशी फिल्टर कॉफी प्यायलो.

मित्रहो, या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेक जण इथे दोन वर्षांसाठी आले होते. काहींच्या दोन वर्षांना तीस वर्षे झाली. शहाजीराजेसुद्धा विजापूरच्या चाकरीत नेमणुकीवरच इकडे आले. १६३८ नंतर बेंगळुरू त्यांची जहागीर झाली आणि १६६४ मध्ये याच कर्नाटकात, होदिगेरे येथे, त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी तिथेच आहे. तात्पुरते म्हणजे किती, हे राजांनाही ठरवता आले नाही, तिथे आपण कोण?

म्हणून एवढेच सांगतो. कधी निघायचे ते आपल्या हाती नाही. निघताना नीट निघता यावे असे वाटत असेल, तर आधी तिथे नीट राहावे लागते. भिंतीला खिळा मारा, पडदे लावा, शेजारच्या दारावर टकटक करा, दोन वाक्ये कन्नड बोला, चुकली तरी चालतील. आणि आज घरी जाताना, तुमच्या जुन्या भाड्याच्या घरची कोणी अज्जी अजून असेल, तर तिला फोन करा. झोपली असली तरी उठवा.

गणपती बाप्पा मोरया!