दोन उपचारांतला बरा कोणता?



घरात दुखणं आलं, की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. पण दोन जाणते डॉक्टरच दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागले, तर रोग्यानं कुणाचं ऐकावं?

मुंबईत परळला, भोईवाड्याजवळ, टाटा स्मारक रुग्णालय आहे. 1941 साली ते सुरू झालं. तंबाखूपायी तोंडाचा कर्करोग झालेली पुष्कळ माणसं दूरदूरच्या खेड्यांतून तिथं येतात. हा रोग तोंडातून मानेतल्या गाठींत उतरतो. म्हणून तोंडाची शस्त्रक्रिया करतानाच त्या गाठीही काढाव्यात, असं काही शल्यवैद्य म्हणत. दुसरे म्हणत, गाठीत रोग दिसला तरच काढाव्यात. उगीच मान कशाला चिरायची? त्या शस्त्रक्रियेनं खांदा दुखतो, हात वर करणं जड जातं. हा वाद सुमारे पन्नास वर्षं मिटला नव्हता.

डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली तो कसोटीला लावला. रोग नुकताच सुरू झालेल्या रोग्यांची संमती घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. चिठ्ठ्या कशाला? अहो, तुम्ही दोन बियाणी पारखता, तेव्हा एक काळ्या रानात आणि दुसरं माळावर पेरता का? जमीन सारखी हवी. तसंच हे.

2015 साली 500 रोग्यांचा निकाल प्रसिद्ध झाला. गाठी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी शेकडा 80 हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी शेकडा साडेसदुसष्ट. म्हणजे आठ रोग्यांमागे एक जीव जास्त वाचला. उपद्रवही मोजले: पहिल्या गटात शेकडा 6.6, दुसऱ्यात 3.6. फायदा आणि त्रास, दोन्ही रोग्यापुढे मांडले.

इथं नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. चालू असलेल्या दोन उपचारांत रोग्याच्या हिताचा कोणता, एवढंच पाहिलं. आणि तेच मोठं काम ठरलं.

तेव्हा मंडळी, डॉक्टरांपुढं बसाल तेव्हा संकोच न धरता तीन गोष्टी विचारा. दुसरा उपाय आहे का? दोन्हींची तुलना माझ्यासारख्या रोग्यांवर झाली आहे का? आणि नंतर मला जेवता, बोलता, रानात काम करता येईल का? गुरुजनहो, हे प्रश्न मुलांनाही शिकवा.

आणि तोंडातला फोड दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर घरगुती औषधांत दिवस घालवू नका, दवाखाना गाठा.